जादूगारांच्या शहरातला झेंडू

"तुमचा जादूगार डोंगर उचलते, मान्य. पण सकाळी उठून खाते काय, ते सांगा."

कुणीही अद्भुत गोष्ट सुरू केली की भाऊ वाहतूक हवालदारासारखा हात वर करायचे आणि हे विचारायचे. गोष्ट जागीच मरायची. माझ्या तर निदान चाळीस थापा त्या हातानं मेल्या. चिखलदऱ्याच्या घाटात वाघानं मला लिफ्ट मागितली, ही थाप मी बारा वर्षं जपली होती. भाऊंनी विचारलं, "मागच्या सीटवर तो बसला कसा? शेपूट कुठं ठेवलं?" संपलं.

अमरावतीत माझं टायपिंगचं दुकान. भाऊ मूर्तिजापूरकडचे, फुलांची शेती. आठवड्यातून एकदा बाजारात फुलं उतरवली की आपल्या कादंबरीची पानं घेऊन यायचे. अक्षर एवढं बारीक, की पानावरून मुंगी गेली तर मी तीही टाइप करायचो.

कादंबरी जादूगारांच्या शहराची. पण शहर हवेतून काढायचं नाही, हा हट्ट. म्हणून इटलीतलं फ्लॉरेन्स, सहाशे वर्षांपूर्वीचं, प्रबोधनकाळातलं, त्यांनी पाया म्हणून घेतलं. ग्रंथालयातली जाड इंग्रजी पुस्तकं वाचून रंगारी लोकर कशी रंगवत, घुमट कसा चढवला, सगळं वहीत उतरवायचे. एकदा इथल्या इतवारा बाजारात ऑटोवाल्याला म्हणाले, "घुमटापाशी डावीकडं घे." तो अजून घुमट शोधून राहिला.

"भाऊ, जादूच तर हाय. कोण तपासाले येते?"

"मी येतो ना."

अकोल्याच्या एका प्रकाशकानं कादंबरी घेतली. दसऱ्याला पुस्तक निघणार होतं. छपाईच्या आदल्या आठवड्यात भाऊ दुकानात शिरले ते गारपिटीनं झोडपल्यासारखा चेहरा घेऊन.

"झेंडू नव्हता."

"कुठं?"

"तिकडं. त्या काळात. मेक्सिकोतला हाय तो. समुद्रापलीकडून मागाहून आला. आपल्याकडंही."

मला आधी दसऱ्याच्या तोरणाचंच वाईट वाटलं. मग उजेड पडला. त्या शहराची सगळी जादू झेंडूत होती! जादूगार झेंडूचे हार घालून उडायचे, राणी पाकळ्या चुरून मेलेले उठवायची. भाऊंनी लोकर तपासली, विटा तपासल्या. पण तीन पिढ्या झेंडू पिकवणाऱ्या घरातला माणूस झेंडू कशाला तपासतो?

"गुलाब करून टाकू. कॉम्प्युटर एका मिनिटात बदलते."

"गुलाबाचे हार घालून उडतीन? काटे रुततीन त्यायले."

तिथूनच भाऊंनी प्रकाशकाला फोन लावला. "दसरा राहू द्या." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. भाऊ म्हणाले, "नसन छापाचं त् नका छापू." त्यानं पुन्हा फोन उचलला नाही.

पुढची साडेतीन वर्षं सगळी पानं नव्यानं. आता शहराची जादू आटत चाललेली, आणि ती परत आणणारं फूल समुद्रापलीकडं. ते आणायला जहाज निघालं. धरणापलीकडं पाणी न पाहिलेल्या माणसानं ते जहाज असं हाकलं, की टाइप करताना मला दुकानात मळमळायचं. दोनदा तर मी टेबलाला धरून बसलो.

गेल्या उन्हाळ्यात पानं यायची थांबली. मग एक दिवस वहिनी आल्या. पंधरा दिवसांपूर्वी भाऊ गेले, म्हणाल्या. वाफ्यात पाणी सोडता सोडता. पिशवीतून त्यांनी शेवटची चार पानं काढली.

"त्यायचं अक्षर मले लागत नाही. जहाज पोचलं का हो भाऊजी?"

मी पानं वाचली. जहाज भर समुद्रात उभं होतं. वारा पडलेला.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या थापाड्याला 'पोचलं' म्हणायला कितीसा वेळ? पण भाऊंचा तो वर केलेला हात दिसला.

"पोचवतो, वहिनी," मी म्हणालो.

तेव्हापासून दुपारी दुकान बंद करून ग्रंथालयात जातो. माझं इंग्रजी असं, की एका पानाला आठवडा लागतो. त्या समुद्रावर वारा कोणत्या महिन्यात उठतो, ते शोधून राहिलो. सापडला की शीड उभारतो.