नांगराचा पांढरा क्रॉस

२०१४च्या दिवाळीआधी आई आमच्याकडे सिंगापुरात, बुकित तिमाहला आली होती. समई, ताम्हण, घंटा, सगळं चिंचेने लखलखीत करून झालं तरी तिचे हात थांबेनात. शेजारच्या फ्लॅटमधल्या स्पॅनिश आजींनी ते पाहिलं आणि आपल्या वडिलांचं नौदलातलं पदक आणून दिलं. मध्ये नांगर असलेला क्रॉस, इतका काळवंडलेला की मूळ रंग कळू नये. आईने तो जपून घासला. पांढराशुभ्र निघाला.

संध्याकाळी माझ्या मुलीने फोनवर तसल्याच पदकाचा फोटो शोधला. "आजी, हा तर रेड आहे! तू कलर घालवलास, लाह," ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. "अरे, त्या बाईकडे बापाची एवढी एकच वस्तू, आणि मी तिचा रंग उडवला." जेवायला बसली, पण भात नुसता चिवडत राहिली.

मी शोधायला बसलो. एकाच ठिकाणी वाचलेलं मी खरं धरत नाही, म्हणून आणखी दोन ठिकाणी पडताळलं. स्पेनच्या राणीने हा क्रॉस १८६६ साली नौदलासाठी सुरू केला. भूदलाचा त्याच्या दोन वर्षं आधीचा. लाल युद्धातल्या कामगिरीला, पांढरा शांततेच्या काळातल्या सेवेला. राजेशाही गेली तेव्हा वरचा राजमुकुट गेला, पुढे पुन्हा आला. निळा आणि पिवळा हे प्रकार बरेच नंतरचे.

"म्हणजे पांढराही असतो, आई."

"असेल. पण हा होता का?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्या तिन्ही ठिकाणी त्याचं उत्तर नव्हतं.

सकाळी ती स्वतःच शेजारी गेली; मी दुभाष्या म्हणून मागे. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. आजींनी पदक खिडकीशी नेलं, नांगरावरून अंगठा फिरवला.

"पांढराच होता," त्या म्हणाल्या. "बाबांना हे लढाईसाठी नव्हतं मिळालं. ते बंदरांची खोली मोजून नकाशे करायचे, जहाजं रुतू नयेत म्हणून."

आईने पदराने डोळे टिपले. मग मला म्हणाली, "विचार त्यांना, म्हणजे बाबा घरी परत यायचे ना?"

मी विचारलं.

"दर वेळी," आजी म्हणाल्या, आणि आईचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.