बयाबाईनं म्हसोबा हलवला

कोरेगावच्या पुढं माळावर हंबीररावांची दगडाची खाण आहे. चहूबाजूंचा दगड फोडून नेला, तरी मधला एक सुळका तेवढा कुणी तोडला नव्हता. त्याच्या कोनाड्यात म्हसोबा होता, शेंदरानं थापलेला. खाणीतली माणसं सकाळी हातोडा कपाळाला लावायची, म्हसोबाकडं बघायची आणि मगच पहिला घाव घालायची. खाणीत शीळ वाजवायची नाही, सुरुंग लावायच्या दिवशी त्याला नारळ द्यायचा, अशी रीत होती.

बयाबाई आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लग्न झालं तशी ती नवऱ्याबरोबर या खाणीवर आली. नवरा अर्जुना सुरुंगाची भोकं पाडायचा, ती खडी फोडायची. एका वर्षी पावसाळा सरता सरता खाणीची कड सुटली आणि अर्जुना दगडाखाली गेला. सकाळचा नारळ त्यानंच फोडला होता.

दिवसपाणी उरकून बयाबाई कामावर आली ती थेट सुळक्यासमोर उभी राहिली.

"सकाळी खोबरं खाल्लंस आन् दुपारी मानूस खाल्लास व्हय रं?"

बायका हबकल्या. एक जण म्हणाली, "बया, देव हाय त्यो. कोपंल."

"आता आनी काय कोपायचा ऱ्हायलाय?"

त्या दिवसापासून तिनं त्याच्याकडं बघणंच सोडलं. काम मात्र सोडलं नाही. खाणीवर खडी फोडणारा क्रशर आला, हातोडा सुटला, ती पट्ट्यावरची खडी निवडायला लागली. लेक रेश्मा शिकली आणि शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला लागली.

गेल्या हिवाळ्यात सुळक्याला उभी चीर गेली. हंबीरराव फौजेत नोकरी करून आलेले, धोका ओळखणारे. "मानसं खाली असताना पडला म्हंजे? आधी देव वर लिंबाखाली न्या, मग सुळका पाडू," असं त्यांनी ठरवलं. गुरवानं रविवार सांगितला. रविवारी सगळे जमले, पण पहार हातात घ्यायला कुणी पुढं होईना.

आकाराम हा सगळ्यांत जुना दगडफोड्या. तो म्हणाला, "मालक, निम्मा डोंगर फोडलाय ह्या हातांनी. पन त्येच्या अंगाला पहार न्हाई लावायचो मी."

तेव्हा मागनं बयाबाई म्हणाली, "मी काढते. आमचं दोगांचं बोलनं कवाच बंद हाय. नव्यानं काय बिघडायचं न्हाई."

चपला काढून ती शिडी चढली. कडेकडेनं पहार घालून हलवता हलवता शेंदराचं जाड कवच एकदम निसटलं आणि खाली पडून फुटलं. कोनाड्यात मागं राहिला तो नारळाएवढा काळा दगड. एका अंगाला कुणा जुन्या पाथरवटाच्या छिन्नीचे घाव होते. बयाबाईला तो आजवर केवढा तरी मोठा वाटत आला होता.

तिनं त्याला पदरात घेतलं.

"एवढासाच हाईस व्हय," ती हळूच म्हणाली. "तू तरी एवढी कड कशी धरनार हुतास?"

शिडीवर ती तशीच थांबली. खालून कुणी घाई केली नाही.

मग डंपरच्या वाटेनं ती अनवाणी वर आली आणि लिंबाखालच्या नव्या कट्ट्यावर तिनं दगड ठेवला. आकारामानं तेल-शेंदराची वाटी तिच्यापुढं धरली. मागं कुणीतरी कुजबुजलं, रांडमुंड बाई शेंदूर लावणार?

"तिनं आनलाय, तीच लावंल," आकाराम म्हणाला. बयाबाईनं बोटं बुडवली आणि लहान लेकराला तेल लावावं तसा सगळीकडनं शेंदूर चोळला.

दुपारी पोकलेननं सुळका पाडला. धुरळा बसेपर्यंत माणसं वर खोबरं खात बसली होती.

संध्याकाळी बयाबाईनं रेश्माला फोन लावला. एवढ्या वर्षांत मायलेकी अर्जुनाचं नाव टाळत आल्या होत्या. त्या दिवशी बयाबाई आपण होऊन बोलत राहिली. त्याला भाकरी कडकच लागायची, पोरीला खांद्यावर घेऊन तो बाजार हिंडायचा, असलं सगळं. रेश्मा पलीकडनं मधूनच हसत होती आणि "आनी सांग की," म्हणत होती.