पांढऱ्या रश्श्यातला ब्रश

शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात रस्त्याच्या बाजूला एक लहान खोली आहे. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची ही खोली मी ताब्यात घेतली. खिडकीशी टेबल लावलं, भिंतीला फळी ठोकली, फळीवर रंगांच्या ट्यूबा फिक्याकडून गडद अशा ओळीनं मांडल्या. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, इथं एक चित्रकार राहतो. अडचण एवढीच होती की त्या खोलीत चित्रं फारशी होत नसत. मी तिथं बसायचो, ब्रश पुसायचो, ट्यूबा परत नीट लावायचो आणि जेवायची हाक आली की उठायचो.

चित्रं व्हायची ती बाहेर. मी वारणानगरला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे आणि रोज एस.टी.नं येतो-जातो. बायकोनं टाकून दिलेला मसाल्याचा छोटा डबा माझ्या पिशवीत असतो. त्यातल्या वाट्यांमध्ये आता तिखट-मिठाच्या जागी रंग आहेत. किती घासला तरी डब्याचा कांदा-लसणाचा वास काही जात नाही, त्यामुळं माझ्या जुन्या चित्रांतल्या ढगांनासुद्धा थोडी फोडणीची झाक आहे. पाण्यासाठी एक स्टीलची वाटी. बस थांबली की रंग, चालली की नुसती पेन्सिल. खड्ड्यांमुळं रेघ थरथरते, पण उसाच्या शेताला ती थरथर शोभून दिसते. शेजारचे लोक मान वाकडी करून बघतात. "आमचंबी काढा की पावणं," असं कुणीतरी म्हणतंच. काढलं की, "एवढं काळं नाक न्हाय आमचं," असंही म्हणतं.

हे सगळं मजेचं आहे. लिहायचं आहे ते मजेचं नाही, निदान सुरुवातीला नव्हतं.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, मुरगूडला एकटेच राहत. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. कापडाचं दुकान त्यांनी पुतण्याला दिलं, तरी सकाळी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचं सोडलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि गुडघा दुखावला. तेव्हापासून बायकोनं ध्यास घेतला की त्यांना आपल्याकडे आणायचं. ती त्यांची एकुलती एक. तिनं फोनवर खूपदा म्हणून पाहिलं. मामा विषय बदलत.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी चार दिवस पाहुणा म्हणून राहतो. कायमचं जायचं तर जावयानं समोर बसून बोलवावं लागतं. लेकीचं बोलावणं माया म्हणून सोडून देतात.

"तुम्ही एकदा तोंडानं म्हणा," बायको म्हणायची. "तुमचं ते ऐकतील."

"म्हणतो की."

आणि मी म्हणत नव्हतो. त्यांनी यायचं तर त्या खोलीतच यायचं होतं. दुसरी खोली घरात नाही. ऑफिसला सुट्टी नाही, सध्या फार थंडी आहे, गुडघ्याला प्रवास सोसायचा नाही, अशी कारणं मी काढत राहिलो. मामांशी माझं कधी वाकडं नव्हतं. उलट मला ते फार आवडतात. तरीसुद्धा मनाच्या तराजूत एका पारड्यात एक म्हातारा माणूस आणि दुसऱ्यात एक टेबल ठेवून मी ते महिनाभर हलवत बसलो होतो. हे बायकोला कळलं नसेल असं मी धरून चाललो होतो, हाही मूर्खपणाच.

शेवटी एका रविवारी ती सकाळीच तयार होऊन उभी राहिली. हातात मटणाचा डबा. "चला. आज विचारायचं. आणि ती पिशवी घरात ठेवा."

पिशवी मी मोटारसायकलच्या डिकीत ठेवली.

कागल सोडल्यावर रस्त्याकडेला एक गुऱ्हाळ चालू होतं. चिमणीचा धूर सरळ वर जाऊन मग एकदम वाकला होता. मी गाडी थांबवली.

"पेट्रोल संपलं काय?" मागून आवाज आला.

"पाचच मिनिटं."

ती मटणाचा डबा पोटाशी धरून बांधावर उभी राहिली. मला घाई नव्हती. धुराचं ते वाकणं साधेपर्यंत एका माणसानं तिला काकवी चाखायला आणून दिली आणि विचारलं, "पावणं सर्वेवाले हायत काय?" ती म्हणाली, "न्हाय, रिकामे हायत."

मुरगूडला पोचलो तेव्हा मामा अंगणाला लागून असलेल्या सोप्यात खुर्चीवर, पाय समोरच्या स्टुलावर ठेवून बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी. अंगणातलं ऊन टोपीच्या एकाच बाजूला पडलं होतं आणि दुसरी बाजू निळी दिसत होती. बायको स्वयंपाकघरात गेली. जाता जाता तिनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणी तेवढ्यावर विषय काढला असता. मी डिकीतून पिशवी आणली.

"मामा, जरा बसता काय असेच? टोपी फार झकास दिसते आहे."

"बसलोयच की. हलाय कुठं येतंय."

"बोलू मात्र नका. तोंड हललं की चेहरा बदलतो."

म्हणजे ज्या माणसाशी बोलायला मला आणलं होतं, त्यालाच मी गप्प बसवलं. तेव्हा मला हे सुचलं म्हणून मी स्वतःवर खूषसुद्धा झालो.

रंगवणं छान चाललं होतं. आतून रश्श्याचा वास यायला लागला. मध्येच बायको पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या घेऊन आली, जेवणाआधी प्यायला. एक मामांजवळ ठेवली, एक माझ्या शेजारी. माझ्या हातातला ब्रश बघून ती तशीच आत गेली. ती काही बोलत नाही तेव्हा भांडी बोलतात. आतून पातेल्यावर झाकण जोरात पडल्याचं ऐकू आलं.

मी टोपीच्या सावलीत निळा भरत होतो. रंग मात्र कागदावर बसेना. थेंब थेंब होऊन घरंगळायला लागला. मी परत ब्रश बुडवला, परत लावला. मामांच्या कपाळावर निळे मणी जमले. कागद खराब निघाला म्हणून मी दुकानदाराला मनात शिव्या दिल्या, पुन्हा ब्रश बुडवला. मामांचे डोळे तेवढे हलत होते, माझ्या हाताकडून माझ्या वाटीकडे आणि परत. माझ्या चित्रकलेचं कौतुक चाललंय असं मला वाटलं.

बायको जेवायला बोलवायला बाहेर आली आणि दारातच थांबली. "अहो, हे काय?"

मी खाली बघितलं. माझी पाण्याची वाटी पलीकडे तशीच राहिली होती. पांढरा रस्सा आकाशासारखा निळा झाला होता आणि त्यावर तुपाचे गोल तवंग तरंगत होते.

"मामा, तुम्ही बघत होता न्हवं? सांगायचं तरी!"

मामांनी तोंडावरून हात फिरवला, जणू आता परवानगी मिळाली. "तुमीच म्हनलासा, बोलू नगा. मला वाटलं, ही बी एक पद्धत असंल. त्येलाच्या रंगाचं ऐकलं हुतं, म्हटलं हे मटनाचं असंल."

त्यांना हसू आवरेना. हसताना गुडघा हलला, तो दुखला, तरी हसत राहिले. मीही हसलो. बायको हसली नाही. ती वाटी उचलून म्हणाली, "विचारलंसा काय?"

"काय इचारायचं हुतं?" मामांनी माझ्याकडे बघितलं.

पळायला जागा नव्हती. हातात ओशट ब्रश धरून मी म्हणालो, "मामा, तुम्ही आमच्याकडे चला. राहायला. पाहुणे म्हणून नव्हे." आणि मग, कुणी विचारलं नसताना, पुढचंही बाहेर पडलं. "महिन्याभरापूर्वीच म्हणायला हवं होतं. खोली सोडायची जिवावर आली होती. म्हणून टाळलं."

बायको वाटी घेऊन तशीच उभी. मामांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग चित्रं कुठं काढनार तुमी?"

"इथं काढलं तसंच. कुठंही."

"रश्श्यात?"

"पाण्यात. बघून."

मामांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग मामा म्हणाले, "पेठेत फुटबॉलचा हंगाम सुरू झाला असंल न्हवं?"

"झाला की."

"तर हंगाम संपूस्तर येतो. म्याच बघाय. लेकीच्या घरात र्‍हायलोय असं कोन म्हननार न्हाय."

बायको गर्रकन वळून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो बंद झाला नाही. त्या दिवशी मामांनी स्वतःच्या वाटीतला अर्धा रस्सा मला दिला.

खोली मी दुसऱ्याच दिवशी रिकामी केली. ट्यूबा बुटाच्या खोक्यात गेल्या. टेबल मामांच्या औषधांना आणि रेडिओला झालं. फळी काढताना 'हंगाम संपूस्तर' हे शब्द माझ्या मनात आले आणि मी चटकन किती महिने याचा अंदाज केला. हे लिहायला लाज वाटते, पण केला.

हंगाम संपला. मामा खिडकीत बसून तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांना खेळ कसा चुकला ते वरून ओरडून सांगतात, आणि पोरंही खालून विचारतात, "आजोबा, उद्या सराव बघाय येताय न्हवं?" मुरगूडला जायचा विषय कुणी काढला नाही. एकदा तेच म्हणाले, "आता म्होरल्या हंगामाचं बघू." मी, "बघू की," म्हणालो. तेवढ्यात बायकोनं त्यांची लोकरीची बंडी धुवायला काढली.

मी आता स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कोपऱ्यात रंगवतो, बसमध्ये रंगवतो, आणि संध्याकाळी मामांना घेऊन दुधाच्या कट्ट्यावर जातो. तिथं म्हशी ओळीनं उभ्या असतात आणि समोर धार काढून पेला हातात देतात. मामा फेसाचं दूध पितात, मी म्हैस काढतो. खोलीत वर्षभरात झाली नसतील एवढी चित्रं त्या कट्ट्यावर झाली. याचं समाधान मानावं की एवढे दिवस खोली अडवून ठेवल्याबद्दल वाईट वाटून घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते निळ्या टोपीचं चित्र मात्र टिकलं नाही. त्याला मुंग्या लागल्या.

परवा कट्ट्यावर मी डबा उघडला, तसे मामा पेला खाली ठेवून ताठ बसले. टोपी नीट केली.

"काढताय न्हवं? मग काय बोलायचं असंल तर आधी बोलून घ्या."

बोलायचं काही नव्हतं. तरी मी ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "गुडघा कसा आहे?" आणि ते सांगायला लागले.