सात दिवसांचं पारायण आणि दोन उघडी बटणं

मी गणिताचा शिक्षक आहे आणि मी प्रेमकथा वाचतो. ही दोन वाक्यं आमच्या देवळाली प्रवऱ्यात आजवर कुणी एकत्र ऐकलेली नाहीत, आणि गेल्या मार्गशीर्षापर्यंत ती ऐकवायची वेळही माझ्यावर आली नव्हती.

सवय लागली ती कर्तव्यापोटी. दहावी 'ब'च्या वैष्णवीकडे भूमितीच्या पुस्तकात लपवलेली एक कादंबरी सापडली. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली बाई, आणि तिच्या मागे शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून उभा असलेला पुरुष. मी कादंबरी जप्त केली, चारित्र्य या विषयावर अख्खा तास बोललो (त्या तासाला वर्तुळाची स्पर्शिका शिकवायची होती, ती राहिलीच), आणि "बोर्डाची परीक्षा झाल्यावर वडिलांना घेऊन ये, मग मिळेल," असं बजावलं. घरी येऊन पुरावा म्हणून पहिलं पान वाचलं. मग पुरावा नीट तपासायला हवा म्हणून उरलेली एकशे तीस पानंही वाचली. शेवटी ती रेल्वेच्या फलाटावर उभी असते, गाडीची दुसरी शिट्टी होते आणि तो जिन्यावरून धावत येतो. तिथं माझा चष्मा ओला झाला. तो पुरावा मी पुढे आणखी तीन वेळा तपासला.

गावातल्या वाचनालयात असली पुस्तकं मागणं शक्य नव्हतं. तिथल्या निम्म्या सभासदांना मी पाढे शिकवलेत. मी श्रीरामपूरला जाऊन एका वाचनालयाचा सभासद झालो. एका कार्डावर दोनच पुस्तकं मिळतात असं कळल्यावर मी बायकोच्या नावाने दुसरं कार्ड काढलं आणि आईच्या नावाने तिसरं. आईचं वय बहात्तर. तिच्या कार्डावर पहिल्याच दिवशी मी जे पुस्तक काढलं, त्याच्याकडे बघून ग्रंथपालांनी चष्मा पुसला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

आता आईचा नेम सांगायला हवा. मी सहा वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो आणि डॉक्टरांनीही मान हलवली होती. तेव्हा आईने देवाला सांगितलं, पोरगं उठू दे, दर मार्गशीर्षात सात दिवसांचं पोथीचं पारायण करीन. पोरगं उठलं. तेव्हापासून एकेचाळीस वर्षं हा नेम एकदाही चुकलेला नाही. मामा गेला त्या वर्षीही नाही, हात मोडला त्या वर्षीही नाही. यंदा मात्र डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि डॉक्टरांनी आठ दिवस एक अक्षरही वाचायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

आईने मला बोलावलं.

"बाळासाहेब, नेम तुझ्यापायी धरलाय. यंदा तू बस वाचायला."

"मी?"

"मंग कोन? सकाळी सात ते नऊ. सोवळं नेसून. मनातल्या मनात वाच, तुझा आवाज पोथीला सोसायचा न्हाई. तू वाचाया लागला की सतराचा पाढा म्हनल्यावानी वाटतं."

मी मनापासून हो म्हटलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पहिल्या दिवशी सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून मी चौरंगापुढे बसलो, लाल वस्त्र सोडलं आणि पोथीच्या बारा ओव्या खरोखर वाचल्या. शेजारी पाटावर आई काळा चष्मा लावून बसली होती. तिचे ओठ हलत होते. जप करत असेल असं मला वाटलं. तेराव्या ओवीला माझं लक्ष आतल्या खोलीतल्या पिशवीकडे गेलं. पिशवीत तीन कार्डांवरची सहा पुस्तकं होती आणि सातवं जप्तीतलं. दिवस सात, पुस्तकं सात, आणि प्रत्येक पुस्तक दोन तासांत संपेल एवढंच. गणिताच्या माणसाला असला हिशेब दिसला की राहवत नाही. "पाणी पिऊन येतो," म्हणून मी उठलो आणि परत आलो तेव्हा सोवळ्याच्या निऱ्यांत एक कादंबरी होती. ती मी पोथीवर उघडून ठेवली आणि कुणाला दिसू नये म्हणून लाल वस्त्राच्या कडा भोवती उंच केल्या.

पहिल्या दिवशीची ऐतिहासिक होती. त्यात एक सरदार, एक राजकन्या आणि एक फार हुशार घोडा. नऊ वाजता मी उठलो तो ताठ मानेनेच, आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "सुनंदा, आपण न्याहारी घेतलीत?"

सुनंदाच्या हातातलं लाटणं थांबलं. लग्नाला बावीस वर्षं झाली. न्याहारीबद्दल मी आजवर फक्त "झाली का?" एवढंच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातलं प्रेम होतं. डॉक्टर तुसडा आणि नर्स सोशिक. त्या दिवशी आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालताना मी तिची हनुवटी एका बोटाने उचलली आणि हळुवार आवाजात म्हणालो, "घाबरायचं नाही, मी आहे." तिसऱ्या दिवशीची नायिका पहिल्याच प्रकरणात मेलेली होती आणि उरलेली सगळी प्रकरणं ती वाड्यातून हिंडत नायकाची वाट बघत होती. ती त्याच्या मानेवर गार फुंकर घालते तेवढ्यात बाहेर ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरने भोंगा वाजवला आणि मी बसल्या जागी किंचाळलो.

"काय झालं रं?"

"काही नाही. पोथीत राक्षस आला."

"कोनता?"

"मोठा होता," मी म्हणालो.

चौथ्या दिवशीची विनोदी होती. सोवळ्यात बसून मी इतका हसलो की उदबत्तीची राख उडाली. आणि पाचव्या दिवशी रडलो. त्या नायिकेला शेवटी दिसेनासं होतं आणि नायक तिला रोज सकाळी सूर्य कसा उगवला ते सांगत बसतो. मी हुंदके आवरायचा प्रयत्न केला, पण उपरणं भिजलं. नेमकं तेव्हाच शेजारच्या शेवंताबाई विरजण मागायला आल्या होत्या. दाराशीच उभ्या राहून त्यांनी मला बघितलं आणि विरजण न घेता परत गेल्या.

दुपारपर्यंत सगळ्या आळीत झालं. शाळेत शिपायाने मला वाकून नमस्कार केला. संध्याकाळी भाजी घ्यायला गेलो तर भाजीवाली म्हणाली, "सर, शेवंताबाई सांगत हुत्या, पोथी वाचताना तुमच्या डोळ्याला धार लागती. असं भाग्य लई थोड्याला मिळतं." मी मान खाली घातली. तिला ती नम्रता वाटली. मला खरोखर लाज वाटत होती, पण मेथीची जुडी हातात घेऊन ती कुठे सांगणार?

सहाव्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर भजनी मंडळाच्या अकरा बायका येऊन बसल्या. शेवंताबाई सगळ्यांत पुढे. "तुमी वाचा सर, आमी नुसत्या बसतो. वाचनाऱ्याचं तोंड बघूनबी पुण्य लागतं."

सहाव्या दिवसाचं पुस्तक आईच्या कार्डावरचं होतं. ज्याच्यामुळे ग्रंथपालांनी चष्मा पुसला, तेच. त्यात काय होतं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की दोन तास अकरा बायका माझं तोंड बघत होत्या, त्या तोंडाचा रंग दर पानाला बदलत होता, आणि शेवटी शेवंताबाई हात जोडून शेजारणीला म्हणाल्या, "बघ, कान कसं लालबुंद झालं. तेज म्हनत्यात ते हेच."

नऊ वाजता स्वयंपाकघरात गेलो तर सुनंदाने माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही," ती म्हणाली. "मग त्या पोथीत असं आहे तरी काय? पहिल्या दिवशी सरदारासारखं बोललात, काल रडलात, आज तोंडाकडे बघवत नाही."

त्या दिवशी मी ठरवलं, उद्या खरी पोथी वाचायची. आईच्या एकेचाळीस वर्षांच्या नेमाचं मी काय करून ठेवलं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. पण सातव्या दिवसाचं पुस्तक वैष्णवीचं होतं. चार वेळा वाचलेलं. म्हटलं, निरोपाचं एकदा चाळू. माणूस असाच घसरतो.

सातव्या दिवशी समाप्तीला ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. फलाटाचा प्रसंग मी मनात वाचत होतो तेवढ्यात शेवंताबाई म्हणाल्या, "आता शेवटचा अध्याय तरी मोठ्यानं वाचा सर. आमच्याबी कानावर पडू द्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी आईकडे बघितलं. काळा चष्मा जागचा हलला नाही. पोथी खाली होती, वर कादंबरी होती, आणि तीस बायकांसमोर पोथी वर काढणं शक्य नव्हतं. मी डोळे मिटले आणि ओवीच्या चालीवर सुरुवात केली:

"फलाटावरी उभी सुंदरी । नेत्र लागले जिन्यावरी । शिट्टी वाजे दुसऱ्यांदा तरी । नाथ न ये ॥"

'नाथ' ऐकताच पुढच्या चार जणींनी हात जोडले. मला धीर आला.

"तंव धावत आला तत्परु । केसां सुटला वारा फार । उघडा शर्ट छातीवर । बटणे दोन ॥"

जोडलेले हात खाली आले.

"शर्ट?" शेवंताबाई म्हणाल्या. "पोथीत शर्ट कुठून आला?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. आणि तेवढ्यात शेजारून आईचा आवाज आला, "घसा बसलाय त्याचा. सात दिस वाचून वाचून डोकंबी शिनलंय. मी म्हनते."

मान सरळ, काळा चष्मा समोर, आणि आई शेवटचा अध्याय म्हणू लागली. एकही ओवी अडली नाही, एकही शब्द मागेपुढे झाला नाही. आईला पोथी तोंडपाठ होती. एकेचाळीस वर्षांत हे मला कधी कळलंच नव्हतं.

अध्याय संपला. मी घाईघाईने कादंबरीवर लाल वस्त्र गुंडाळलं, पण आई म्हणाली, "कोपरा उघडा ठेव, कुंकू लागू दे." मग तीस बायका रांगेने आल्या आणि प्रत्येकीने त्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. कोपरा वैष्णवीच्या कादंबरीचा होता.

बायका गेल्यावर मी आईपुढे बसलो. "आई, मी पोथी वाचली नाही."

"ठावं हाय. दुसऱ्या दिवसापासनं ठावं हाय."

"कसं?"

"पाचव्या दिशी पोथीत पंगत बसती. पंगतीत कोन रडतं? आन् रडायचा अध्याय दुसऱ्या दिशी असतोय, तवा तू माझी हनुवटी धरून गोड गोड बोलत हुतास."

"तुझा नेम मोडला माझ्यामुळे."

"तुझ्या भरवशावर नेम सोडीन व्हय मी? रोज तुझ्या शेजारी बसून मनात म्हनत हुते."

म्हणजे तो जप नव्हता. "मग मला बसवलंस कशाला?"

आईने चष्मा नीट केला. "तू धावी पास झाल्यापासनं दोन तास कवा माझ्यापाशी बसला न्हाईस. आता सात दिस बसलास. काय का वाचंनास."

मला तिच्याकडे बघवेना. खाली बघतच मी वैष्णवीच्या जप्तीपासून तीन कार्डांपर्यंत सगळं सांगून टाकलं. ऐकून तिने विचारलं, "त्या पोरीला गाडी सापडली का?"

"तिने सोडली. तो आला म्हणून."

"आन् तिकीट वाया?"

"वाया."

"येडी हाय," आई म्हणाली. मग कादंबरीवर हात ठेवून तिने निकाल दिला. "आता याला कुंकू लागलं. हे अडगळीत जायचं न्हाई आन् कुनाच्या दप्तरातबी न्हाई. देवघरात ठेव." सुनंदाने दारातून एवढंच विचारलं, "माझ्या नावाने कार्ड आहे, तर माझी दोन पुस्तकं कुठं आहेत?" त्या दिवसापासून ते कार्ड तिच्याकडे आहे, माझं आणि आईचंही.

परीक्षा संपली आणि आठवड्याने वैष्णवी वडिलांना घेऊन शाळेत आली. मी त्याच कादंबरीची नवी प्रत मागवून ठेवली होती. तिने ती उलटीपालटी केली.

"सर, ही माझी नाही. माझी कुठंय?"

खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती. "आमच्या देवघरात," मी म्हणालो. "रोज सकाळी उदबत्ती ओवाळतो."

तिच्या वडिलांनी एकदम हात जोडले. "बघ पोरी. सरांच्या घरी पुस्तकाची पूजा व्हते, आन् तू ते भूमितीत लपवतीस. सर, आता हिला चारित्र्यावर चार शब्द सांगा."

वैष्णवी माझ्याकडे बघत होती. मी खडू उचलला, फळ्यावर एक वर्तुळ काढलं, आणि राहिलेली स्पर्शिका शिकवायला सुरुवात केली.