खाडीतला निवटा

आमच्या पोस्टाच्या खिडकीमागचा कारकून एका शब्दापलीकडे बोलत नाही. "थांबा." "सही." "झालं." पण रविवारी ओहोटीला भाट्याच्या खाडीकाठी तोच माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात बसलेला असतो. स्वतःशी पुटपुटत शिंपले आणि वाळकी पानं मांडून चित्रं करतो. तिथीवरून भरतीची वेळ मोजूनच येतो, कारण भरती आली की चित्र जातं. मी शाळामास्तर; मला ते पुसलं जाणं बघवत नसे.

एकदा त्याने पुरुषभर लांब निवटा केला, चिखलात उड्या मारणारा तो मासा. शिंपल्यांचे खवले केले, आणि पाठीवरचे काटे म्हणून काठावरच्या कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाच्या, गळून पडलेल्या लांब शेंगा ओळीने चिखलात उभ्या रोवल्या. मासा इतका जिवंत वाटला, की मी न विचारता जांभ्याचे दगड आणून भोवती बांध घातला.

त्याने एकेक दगड उचलून काठावर नेऊन ठेवला. "मास्तर, पाणी येऊ द्या हो. त्याच्याशिवाय निवटा जगेल कसा?"

मला राग आला. दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही.

काल गेलो. शिंपले, पानं, काहीच उरलं नव्हतं. शेंगा मात्र त्याच ओळीत ताठ उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला दोन हिरवी पानं फुटली होती.

आज पोस्टात मी त्याला ते सांगितलं. त्याने हातातला शिक्का खाली ठेवला.

"रविवारी नऊला ओहोटी आहे, मास्तर. या. दगड मात्र आणू नका."