धवलेरीने अडवलेलं लग्न

वारल्यांच्या घरी लग्न लावायला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. ती गाऊन देवांना बोलावते, आणि तिचं शेवटचं कडवं झाल्याशिवाय नवरानवरीची गाठ पडली असं कोणी मानत नाही. कोहळीपाड्याची सोनी अशी धवलेरी होती. एरवी ती भातलावणीला मजुरीने जायची, पडघ्याच्या बाजारात रानभाजी घेऊन बसायची. पण लग्नसराई आली की तिला न्यायला लांबलांबून मोटरसायकली यायच्या. आमदार शैलेशचं लग्नसुद्धा तिनेच लावलं होतं. तेव्हा तो वीटभट्टीवर मुकादम होता आणि "आत्या, आत्या" करत तिच्या मागेमागे असायचा.

त्याच ओळखीवर ती पाड्यातल्या बायका घेऊन त्याच्या बंगल्यावर गेली. सरकार शाळांवरचा खर्च तोडणार, कमी पटाच्या शाळा बंद करून पोरं मोठ्या शाळेत घालणार, असं गुरुजींनी सांगितलं होतं. मोठी शाळा होती हायवेच्या पलीकडे.

"तू मुंबईला त्या सभेत बसतोस," सोनी म्हणाली. "तितं उभा ऱ्हा नि सांग, पोरांच्या शालेचा पैसा तोडू नका."

शैलेशने सगळ्यांना चहा दिला. "आत्या, मूठभर पोरांसाठी आख्खी शाळा सरकारला परवडत न्हाय. तिकडं कॉम्प्युटर हाय. पोरांचं भलंच होईल. जायला रिक्षा लावून देतो ना मी!"

अधिवेशनात खर्चकपात मंजूर झाली. शैलेश जागेवरून उठला नाही. बाकीच्यांबरोबर बसल्या बसल्या "होय" म्हणाला. हे गुरुजींनीच पाड्यावर सांगितलं. जूनमध्ये पाड्यावरच्या शाळेला कुलूप लागलं. रिक्षा काही आली नाही.

पोरं चालत जाऊ लागली. पावसाळ्यात एका सकाळी हायवे ओलांडताना गोदामाकडे वळणाऱ्या कंटेनरखाली सोनीच्या नातीचा, दुसरीतल्या दिपिकाचा पाय आला. पाय वाचला, पण आखूड झाला. दवाखान्यात तिची आई कमळ भिंतीला डोकं लावून रडत होती. सोनीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. सफरचंदं आणि फोटोवाला घेऊन शैलेश आला.

"आत्या, काय बी लागलं तर सांग मला."

"सांगन," सोनी म्हणाली. "येल आली का सांगन."

तो सहानुभूतीने मान हलवून गेला. सोनी मात्र त्या दिवसापासून निखारा राखेत पुरून ठेवावा तसा तो "सांगन" शब्द जपून बसली. दिपिका शाळेचं नाव काढलं की अंगावर पांघरूण ओढून घ्यायची. कुबडी घेऊन अंगणात फिरायला लागली तेव्हा सोनी तिचं एकेक पाऊल बघायची, आणि प्रत्येक पावलाला तिला शैलेशचं ते "होय" ऐकू यायचं.

उन्हाळ्यात जातीतले म्हातारे बुधाबाबा सांगावा घेऊन आले. शैलेशच्या मुलीचं, पूर्वाचं लग्न होतं. मंत्री येणार, पेपरवाले येणार, सगळं रीतीप्रमाणे व्हायला हवं.

"जाऊ नकोस आये," कमळ म्हणाली. "थुंक त्याच्या दारावर."

"मी न्हाय गेली त दुसरी जाईल," सोनी म्हणाली. "त्याला काय फरक परतो? मना तो बसलेला पायजे. उठता येनार न्हाय असा."

बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला होता. त्याच्यासमोर नवरानवरी बसली, बाजूला शैलेश आणि त्याची बायको. सोनीने गायला सुरुवात केली. तिच्यामागून तुळजा, तिची जोडीदारीण, तीच ओळ ओढत होती. सोनीने धान्याच्या कणसरी आईला बोलावलं, हिरव्या देवाला, वाघोबाला बोलावलं. मग नवरीच्या बापाचं कडवं आलं. इथे धवलेरी बापाच्या घराची थोरवी गाते. सोनी गाऊ लागली:

"शैलेश आमचा मोठा गो, सभंत जाऊन बसला
पोरांची शाला तोडली, होय म्हनून हसला
कोहलीपाड्याची पोर गो, हायवेला आडवी झाली
पाय तिचा ठेचला, सफरचंदं तेवढी आली."

तुळजाने एकदा सोनीकडे पाहिलं, मग तिनेही ओढलं. धवलेरीचं गाणं मधे तोडायचं नसतं, तोडलं तर देव उठून जातात, हे लहान पोरालाही ठाऊक. शैलेश घामाने निथळत बसून राहिला. मंत्र्याने हळूच बुधाबाबांना अर्थ विचारला. बाबांनी सांगितला, एक शब्द न गाळता.

पूर्वा रडायला लागली. सोनीने तिच्याकडे पाहिलं. या पोरीचा काय गुन्हा? मग तिला वाटलं, माझ्या दिपिकाचा तरी काय होता? आणि ती गातच राहिली.

शेवटच्या कडव्याशी ती थांबली. "तांदूल घे हातात," ती शैलेशला म्हणाली. "चौकासमोर सांग, सभेत उभा ऱ्हाशील, शालेचा पैसा परत मागशील. त्याबिगर गाठ न्हाय परनार."

"आत्या, पाया पडतो. लोकं बघतात."

"बघू दे ना."

नवऱ्याकडची माणसं कुजबुजू लागली. शैलेशने तांदूळ घेतले आणि तसं बोलून दाखवलं. सोनीने शेवटचं कडवं म्हटलं, विडा न घेता, जेवणाला न थांबता घरी आली.

पुढच्या अधिवेशनात शैलेश खरंच उभा राहिला. देवाच्या भीतीने की लोकांच्या, कोण जाणे. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसंही त्याच्या दारात बसू लागली होती. काही शाळांचा निधी परत आला, त्यात कोहळीपाड्याची उघडली. गुरुजी एकच मिळाले. दिपिका कुबडी टेकत पुन्हा वर्गात जाऊन बसली.

पण शैलेशचं ते कडवं आता सोनीचं एकटीचं राहिलं नव्हतं. तुळजाने ते वज्रेश्वरीकडे नेलं, गणेशपुरीच्या बाजूला बायका लावणी करताना म्हणू लागल्या. एका दुपारी शैलेश पाड्यावर आला, या वेळी फोटोवाल्याशिवाय.

"शाळा उघडली ना, आत्या? आता माझं नाव काढ गाण्यातनं. माझ्या नातवंडांच्या लग्नात बी म्हनतील."

"शाला उघडली ते बी गाते मी," सोनी म्हणाली. "तुजंच नाव घेऊन गाते. पन पयलं कसं काढू? ते घडलं न्हाय काय?"

"माफ कर ना."

"मी धवलेरी हाय. देवाला माग माफी, दिपिकाला माग."

शैलेशने शाळेकडे पाहिलं. आत पोरं पाढे म्हणत होती. तो तिकडे गेला नाही. गाडीत बसून निघून गेला. सोनीने त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.