वसंताचं नाक

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. गालावरचा साबण तसाच ठेवून खुर्चीत बसलो आणि खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मनात आलं, सुटलो याच्या नाकाच्या तोऱ्यातून... पाच आठवडे झाले, अजून लाज वाटते.

वसंता माझा जुना दोस्त. त्याची सगळी नोकरी अळणावर गावच्या लाकडाच्या वखारीत गेली. चिमूटभर भुसा हुंगून तो साग की शिसव ते सांगायचा. मी धारवाडला कॉलेजात इतिहास शिकवायचो. निवृत्तीनंतर त्यानं नवनगरात घर बांधलं. त्याच बांधकामावर तो पडला, डोक्याला टाके पडले, महिनाभर अंथरुणात होता. तो उठून हिंडायला लागला तेव्हा त्याच्या भाच्यानं अमेरिकेहून व्हिस्की आणली. तिथलीच, ब्लेंडेड. मग दर रविवारी जेवणाआधी आमची बैठक ठरून गेली, आणि भाचाही दर खेपेला तीच बाटली आणू लागला.

बाटली उघडली की वैनी नाकाला पदर लावून आत जायच्या. "पाणी घालून आणतो," म्हणत वसंता ग्लास घेऊन त्यांच्या मागोमाग. परत आला की डोळे मिटून घोट घ्यायचा. "नोड्री, बघा मास्तर, आधी भाजलेलं कणीस. मग काकवी. आणि मागनं जुनं खोबरं, बरणीत राहिलेलं असतंय बघा, तसं."

मला घशातल्या जाळापलीकडे काही लागायचं नाही. "हो हो, खोबरं," मी ठोकून द्यायचो. आतून जळफळाट व्हायचा. घरी येऊन मी काकवी हुंगली, खोबऱ्याची वाटी हुंगली. एकटा माणूस, हसायला कुणी नव्हतं. एकदा त्याची जिरवायची म्हणून बंगळूरच्या विद्यार्थ्यानं दिलेली दुसरीच अमेरिकन बाटली न सांगता नेली. वसंता ग्लास घेऊन आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ही निराळी की ओ! हिच्यात दालचिनी आहे." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

गेल्या आठवड्यात वैनींना भेटायला गेलो. स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांमागे ती बाटली होती, तळाशी बोटभर व्हिस्की. मी म्हणालो, "काय नाक होतं ओ वसंताचं!"

वैनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "कुठलं नाक, भावजी? पडल्यापासनं त्यांना कशाचाच वास येत नव्हता. दूध करपलं तरी कळायचं नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाले... मीच आत हुंगून सांगायची की."

"तुम्ही? आणि तो पदर?"

"तो तुमच्यासमोर."

म्हणजे इतकी वर्षं ज्या नाकावर मी जळलो ते त्याचं नव्हतंच. आता तरी मत्सर सरायला हवा होता. पण उलट वाढला. माझ्या घरी करपलेलं दूध माझं मलाच हुंगावं लागतं.

वैनींनी बूच काढलं. पदराला हात लावला नाही. बाटली नाकाशी धरून, बाहेर पाहुणा बसलेला असताना बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "काकवी आहे अजून... खोबरं गेलं."

मी शेजारीच उभा होतो. ते मला सांगितलेलं नव्हतं.